ग्रँड पियानोचा टच आणि टोन सुधारताना या चुका टाळा

पियानो कर्कश वाजायला लागला की लोक आधी सुई उचलतात आणि हॅमर (तारांवर आपटणारी, फेल्ट म्हणजे दाबलेली लोकर लावलेली हातोडी) टोचायला बसतात, सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. फेल्ट टोचून आवाज मऊ होतो हे खरंय, पण ते काम शेवटचं, आधी अ‍ॅक्शनचं (की दाबल्यावर हॅमर हलवणाऱ्या यंत्रणेचं) रेग्युलेशन, म्हणजे मापं जुळवणं, मग ट्यूनिंग, मग सुई. कारण एका सुराच्या तीन तारांपैकी एक जरी थोडी उतरली असेल तरी सूर बोचतो, आणि हॅमर तिन्ही तारांना एकदम भिडत नसेल तर कितीही टोचा, काही फरक पडत नाही. हे तपासायला डॅम्पर (तारांचा आवाज थांबवणारे फेल्टचे ठोकळे) वर घ्या, हॅमर तारांना हलकेच टेकवून धरा आणि एकेक तार नखाने छेडा, जी खणखणीत वाजते तिला हॅमर लागतच नाहीये.

टोचायचंच तर हॅमरच्या खांद्यांवर, म्हणजे टोकाच्या दोन्ही बाजूंना टोचा, हॅमर तारेला लागतो त्या टोकावर खोल सुई नको. दोनचार वेळा टोचलं की अ‍ॅक्शन आत सरकवून ऐका. फेल्ट एकदा सैल पडलं की पूर्वीसारखं होत नाही, नंतर लॅकर घालून आवाज कडक होतो पण गोडवा परत येत नाही.

टच जड वाटला की की हलकी करायला लगेच तिच्यात शिशाचं वजन भरू नका प्लीज! आधी वजनं ठेवून मोजा. मधल्या सप्तकात की साधारण 50 ग्रॅमला खाली जायला हवी आणि 20 ग्रॅम तरी उचलून वर यायला हवी. खाली जायला जास्त लागतंय आणि वर येताना मात्र कमी उचलतेय, म्हणजे घर्षण वाढलंय, बऱ्याचदा दमट हवेने बुशिंगचं, म्हणजे सांध्यांच्या छिद्रांतलं कापड फुगलेलं असतं. अशात शिसं घातलं तर हळू दाबताना हलकं वाटेल पण जलद वाजवताना बोटं दमतील. आणि तेलाचा स्प्रे तर अजिबात नको, कापड तेल पितं आणि चिकट होतं.

लेट-ऑफही बघा, म्हणजे तारेला लागण्याआधी हॅमर यंत्रणेतून मोकळा सुटतो ती जागा. हॅमर तारेपासून दीड-दोन मिलिमीटरवर सुटायला हवा, लांब सुटला तर अगदी हळू वाजवताना सूर उमटतच नाही.

अ‍ॅक्शन बाहेर काढताना एकही की दाबली जाऊ देऊ नका, वर आलेला हॅमर पिनब्लॉकला (तारांच्या खुंट्या बसवलेल्या फळीला) अडकून शँक, म्हणजे हॅमरची दांडी मोडते. माझ्याकडून एकदा झालंय, फार वाईट वाटतं.

आणि सुईकाम झालं की डावं पेडल दाबून परत सगळे सूर ऐका, तेव्हा अ‍ॅक्शन बाजूला सरकते आणि तारा फेल्टच्या वेगळ्याच जागी लागतात, तिथेही टोन एकसारखा यायला हवा.