क्लेरो पहिल्यांदा ऐकताय? मग या क्रमाने ऐका

क्लेरो या अमेरिकन गायिकेचं कुठलंही गाणं शफलवर लावू नका प्लीज, कारण तिची खरी मजा आवाज कसा बदलत गेला त्यात आहे. सुरुवात 'प्रिटी गर्ल'पासून करा, 2017 चं, व्हिडिओ वेबकॅमवर बेडरूममध्येच शूट केलेला, साधा कीबोर्ड आणि कुजबुजल्यासारखा आवाज, बस्स. मग थेट 2019 चा 'इम्युनिटी' अल्बम. प्रोड्यूसर रोस्तमसोबत केलाय, त्यातलं 'बॅग्ज' हेडफोन लावून ऐका आणि फक्त ड्रम्सकडे लक्ष द्या, हाइम बँडच्या डॅनिएल हाइमने वाजवलेत, बेडरूमचा आवाज पहिल्यांदा बँडसारखा वाटायला लागतो तो इथे.

आता जरा थांबा, म्हणजे दोनेक दिवसांनी 'स्लिंग' (2021) लावा. लगेच लावलात तर संथ वाटेल आणि सोडून द्याल, मला हाच अल्बम सगळ्यात जवळचा आहे म्हणून कळकळीने सांगतेय. प्रोड्यूसर जॅक अँटोनॉफसोबत न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगरावरच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलेला, गिटार, पियानो, स्ट्रिंग्ज, पार फोककडे वळलेला. रात्री, एका दमात ऐका. 'ब्लाउज'मध्ये मागे गायिका लॉर्डचा आवाज आहे, दुसऱ्यांदा ऐकताना तो शोधा.

शेवटी 2024 चा 'चार्म'. प्रोड्यूसर लिऑन मिशेल्ससोबतचा, सत्तरच्या दशकातल्या सोल संगीतासारखा उबदार, बासरी वगैरे, ग्रॅमी नॉमिनेशनही मिळालं याला. 'सेक्सी टू समवन' आधी, मग 'जूना', आणि ते संपलं की लगेच परत 'प्रिटी गर्ल' लावा, आवाज तोच हळू आहे पण आता त्याच्याभोवती किती काय काय वाजतंय ते तेव्हा कळतं