जुनी अ‍ॅम्बॅसिडर, नवे इंजिन: कोल्हापुरात गाडी पुन्हा उभी करताना

शेतातल्या शेडमध्ये वीस-पंचवीस वर्षे उभी असलेली अ‍ॅम्बॅसिडर पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरले की मालकाचे लक्ष सर्वांत आधी बॉनेटखाली जाते. माझेही तसेच झाले होते. मी इंजिन आधी बसवून घेतले, ते सुरूही झाले, आणि त्यानंतर दाराखालचा कुजलेला पत्रा कापायला घेतला तेव्हा बॉडी मध्यावर इतकी दबली की मागचे दार लागेना. बसवलेले सगळे उतरवून पुन्हा सुरुवात करण्यात एक पूर्ण वर्ष गेले. त्या अनुभवावरून ठरलेला क्रम असा: आधी कागदपत्रे, मग पत्रा, मग ब्रेक, त्यानंतर इंजिन व वायरिंग, आणि रंग सर्वांत शेवटी.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्यामुळे इंजिन विकत घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन नेमका कोणता बदल करायचा आहे ते लिहून द्यावे, लेखी मंजुरी घ्यावी आणि मगच पैसे मोजावेत. दुसरी बाब विंटेज नोंदणीची. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो, परंतु तिचा सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते. नवे इंजिन घातले की तो मार्ग बंद होतो. दसऱ्याला दसरा चौकात येणाऱ्या छत्रपती घराण्याच्या मेबॅकसारखी दुर्मीळ गाडी ज्यांच्या घरी असेल त्यांनी नव्या इंजिनाचा विचारही मनात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गाड्या हजारोंनी बनल्या आणि ज्या रोज वापरायच्या आहेत, त्यांच्यासाठीच हा खटाटोप योग्य ठरतो.

अ‍ॅम्बॅसिडरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून तिच्यातला गंज केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो. दाराखालची पोकळ सिल, पायाखालचा फ्लोअर, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बॉडीला मिळतात ती जागा आणि डिकीचा तळ, एवढी ठिकाणे जाड स्क्रू ड्रायव्हरने जोर देऊन टोचून पाहावीत. रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर तिथे लोहचुंबक धरत नाही. गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पंचगंगेच्या पुरात उभी असल्यास सिलच्या आत गाळ बसलेला असतो आणि तो दरवर्षी ओल धरून पत्रा आतून खातो. अशी गाडी घेताना दाराखालची पाणी जाण्याची भोके मोकळी आहेत का, हे वाकून पाहायला लाजू नये.

सिल कापण्यापूर्वी इंजिन, गिअरबॉक्स आणि सीट उतरवून गाडी हलकी करावी, ती सपाट जमिनीवर चार ठिकाणी टेकवावी, आणि दाराच्या चौकटीत चौरस पाइपचा आडवा-तिरका टेका वेल्ड करून मगच कटर लावावा. एका वेळी एकच बाजू कापावी आणि प्रत्येक टप्प्यावर दार लावून पाहावे, कारण दाराभोवतीची फट सारखी राहिली तरच मोजमाप बरोबर आहे असे समजता येते. सिलला १८ गेजचा आणि फ्लोअरला २० गेजचा पत्रा पुरतो. मिग वेल्डिंगचे इंच-अर्ध्या इंचाचे टाके जागा बदलत द्यावेत. एकसलग वेल्ड ओढला तर पत्रा तापून लाटेसारखा वाकतो. सांध्यांवर जस्तयुक्त प्रायमर आणि पोकळीत मेणाचा फवारा मारावा. हे काम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याच्या आत संपवावे. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो, आणि त्यावर मारलेला प्रायमर पुढे फुगतो.

इंजिनाची ताकद वाढणार असेल तर ब्रेक त्याआधी वाढले पाहिजेत. जुन्या गाडीचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) एकेरी असेल, तर एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून दुहेरी मास्टर सिलिंडर घ्यावाच. नंतरच्या अ‍ॅम्बॅसिडरचे पुढचे डिस्क ब्रेक आणि बूस्टर वापरता येतात, मात्र मिस्त्री अनेकदा एक गोष्ट विसरतात. जुन्या ड्रम ब्रेकसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये पाइपमधला थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड सतत घासत राहतात आणि चाक तापते. ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषते, तेव्हा ते दर दोन वर्षांनी बदलावे.

आता इंजिन. मूळ १४८९ सीसीच्या जागी परक्या कंपनीचे इंजिन कोंबण्यापेक्षा हिंदुस्थान मोटर्सने स्वतःच १९९० च्या दशकात याच गाडीत बसवलेले १८१७ सीसीचे इसुझू पेट्रोल इंजिन आणि त्याचा पाच गिअरचा गिअरबॉक्स निवडावा. बॉडीचा मूळ आराखडा फारसा बदललेला नसल्यामुळे माउंटिंग, क्रॉस मेंबर, रेडिएटर आणि क्लचची जोडणी एकाच जुन्या गाडीवरून संपूर्ण संच म्हणून घेता येते, सुटे भाग मिळतात, आणि कागदोपत्री समजावणेही सोपे जाते. ज्या गाडीतून इंजिन काढले तिचे बिल आणि इंजिन क्रमांक जपून ठेवावेत. मूळ इंजिन भंगारात घालू नये. तेल लावून, गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे.

गिअरबॉक्सची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्टही, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडाही, बदलावा लागतो. ऑइल इंजिनांच्या काळापासून शिवाजी उद्यमनगरात लेथकामाचे हात तयार झालेले आहेत, त्यामुळे शाफ्ट कापून जोडून घेणे अवघड नाही. तो बॅलन्स करून घ्यायला मात्र विसरू नये. माप घेताना गाडी चाकांवर उभी असावी, सरकत्या टोकाला वीस-पंचवीस मिलिमीटर मोकळीक राहावी, आणि गिअरबॉक्सचा बाहेर येणारा शाफ्ट व डिफरन्शियलचा (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरपेटीचा) पिनियन बाजूने पाहता समांतर असावेत. हा कोन चुकला की साठच्या वेगाला गाडीचा फ्लोअर थरथरतो आणि मालक विनाकारण इंजिनाला दोष देत बसतो.

पेट्रोलच्या बाबतीत आपल्याच भागातल्या उसाशी गाठ पडते. साखर कारखान्यांतून तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असते. ते पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्या फुगवते. नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची गास्केटे इथेनॉलला टिकणारी घ्यावीत. टाकी आतून धुवावी, पण रिकाम्या टाकीला वेल्डिंग लावू नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

वायरिंगमध्ये जुनी वायर जोडत बसू नये, नवी हार्नेस (वायरींचा संपूर्ण जुडगा) करावी. जुना डायनॅमो साधारण वीस-बावीस अँपिअर देतो आणि अल्टरनेटर त्याच्या दुपटीहून अधिक, त्यामुळे चार्जिंगची वायर जाड आणि हेडलाइट रिलेवर हवेत. काही जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले (‘अर्थ’ केलेले) असते. अल्टरनेटर जोडण्याआधी हे न तपासल्यास तो क्षणात जळतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, म्हणून इंजिन ते बॉडी अशी जाड अर्थ पट्टी लागतेच. ती राहिली की स्टार्टरचा प्रवाह अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, आणि केबल हाताला चटका देईपर्यंत कारण उमगत नाही.

रंग तुमच्या आवडीचा; मात्र रंग बदलल्यास त्याचीही नोंद करावी लागते.

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात घ्यावी आणि जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाके पुढच्यांआधी अडकत नाहीत ना, हे पाहावे. त्यानंतर जोतिबाच्या चढावर तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवून जावे, वर पोहोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटे चालू ठेवावे, आणि उतरल्यावर प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात नेऊन उष्णता सारखी आहे का ते पाहावे. पाचशे किलोमीटर झाल्यावर पाट्यांचे यू-बोल्ट, इंजिन माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे नट पुन्हा आवळावेत. गगनबावड्याचा घाट त्यानंतरच उतरावा.