जुन्या घराच्या बाथरूमसाठी दिवे घेण्याआधी

दिवे बघायला जाण्याआधी भिंतीतल्या वायर बघा. मागच्या वेळी मी नेमकं उलटं केलं. पितळी दांड्याचे दोन सुंदर दिवे आधी आणले, आरशाच्या दोन्ही बाजूंना पॉइंट काढून घेतले, टाइल बसल्या, सांधे भरून झाले. दिवे लावायच्या दिवशी वायरमनने पॉइंटमधून वायर बाहेर ओढल्या, तर दोनच. फेज आणि न्यूट्रल. नवे पॉइंट त्याने जुन्याच लाइनवर जोडले होते आणि त्या लाइनला अर्थिंग, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी तिसरी वायर, नव्हतंच. धातूचा दिवा, ओली भिंत, ओले हात आणि अर्थिंग नाही! बसवलेल्या आठ टाइल फोडल्या. त्याच रंगाच्या पुन्हा मिळाल्या नाहीत, आरशाखालचा पट्टा आजही वेगळा दिसतो.

म्हणून पहिलं काम हेच. वायरमनला बोलवा, मेन बंद करून जुना होल्डर उघडायला लावा आणि मागे वायर किती आहेत ते स्वतः मोजा. अर्थिंगची हिरवी वायर दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती मेन बोर्डापर्यंत सलग गेली आहे का, हे मीटर लावून तपासून घ्या. जुन्या घरात ती मधेच तुटलेली असू शकते, किंवा कुणीतरी तिचाच फेजसाठी वापर केलेला असतो. वायरवरचं रबर बोटाने चोळल्यावर चुऱ्यासारखं गळत असेल तर पुढे विचारच करू नका, बोर्डापासून नवी तीन वायरची लाइन ओढा. ‘आरसीसीबी बसवू, अर्थिंग नसलं तरी चालेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आरसीसीबी म्हणजे करंट गळला की लाइन बंद करणारा बोर्डातला स्विच. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच, पण अर्थिंग असेल तर दिव्यात बिघाड होताच ती पडते. अर्थिंग नसेल तर तो करंट आधी दिव्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो आणि मग ती पडते. हा फरक लहान नाही.

आता दिवे. खोक्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर तो दुहेरी इन्सुलेशनचा दिवा, त्याला अर्थिंग लागत नाही. तरीही भिंतीत अर्थिंगची वायर टाकूनच ठेवा, पुढे दिवा बदलाल तेव्हा काय कराल?

पाण्यासाठी आयपीचा आकडा बघा, धूळ-पाणी आत जाण्यापासून दिवा किती सुरक्षित आहे ते तो सांगतो. शिंतोडे उडतात तिथे किमान आयपी४४, शॉवरच्या वर आणि आसपास आयपी६५ घ्या. आकडाच छापलेला नसेल तर दिवा परत ठेवा, दुकानदाराच्या ‘चालतो हो’वर जाऊ नका.

आरशासाठी वरून एकच दिवा देऊ नका. डोळ्यांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली सावली पडते आणि दाढी करताना नेमकं तेच दिसत नाही. दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीला, जमिनीपासून साधारण १५० ते १६५ सेंमीवर दिवे हवेत. त्यासाठी आरसा आधी ठरवा, निदान पुठ्ठ्याचा कापून भिंतीला चिकटवा, घरातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या माणसाला समोर उभं करा, मगच पॉइंटची खूण करा. आणि खूण केल्यावर झिरी मारली की तिथे तिसरी वायर येते आहे ना, ते बघा. पुन्हा सांगते, कारण मी तिथेच उभी होते आणि मला विचारायचं सुचलं नाही.

रंग: २७०० ते ३००० केल्विन पिवळसर, ४००० पांढरा. मी आरशाजवळ ३००० घेते, त्वचा नीट दिसते. सीआरआय, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, ९० किंवा वर. सगळे दिवे एकाच आकड्याचे घ्या, नाहीतर एका कोपऱ्यात पिवळं आणि दुसऱ्यात निळं.

फॉल्स सीलिंगमध्ये दिवे बसवणार असाल तर वर जागा किती आहे ते मोजा, दिव्याची खोली आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा छोटा डबा) दोन्ही बसले पाहिजेत. ड्रायव्हरपर्यंत हात पोचेल अशी झडप ठेवा. डिमर हवा असेल तर दिवा डिमरवर चालणारा आहे का ते खोक्यावर वाचा. एक्झॉस्टला वेगळं बटण. रात्रीसाठी एक मंद दिवा. ज्याचा बल्ब बदलता येतो असा दिवा शक्यतो घ्या. बाकी आवडीप्रमाणे.

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, मोजायची टेप लावून. आणि टाइलवाल्याला बोलावण्याआधी प्रत्येक पॉइंटमधल्या वायर बाहेर ओढून मोजा. तीन हव्यात. एकाही पॉइंटला दोन निघाल्या तर टाइलवाल्याला थांबवा.