कायोटीची शिकार : सीझन उघडा असतो, गेट नाही. या चुका टाळा

अमेरिकेत कायोटीच्या (लांडग्याच्या जातीचा, पण त्याहून लहान प्राणी) मागे लागलेला नवा गडी पहिली चूक करतो ती रायफल घेताना नाही, नियम वाचताना. बऱ्याच राज्यांच्या पुस्तिकेत कायोटीपुढे 'वर्षभर खुला, मर्यादा नाही' एवढंच असतं, वायोमिंगमध्ये तर लायसन्सही लागत नाही कारण तिथे तो उपद्रवी प्राण्यांच्या यादीत आहे, आणि हे वाचून माणूस पुस्तिका मिटतो आणि गाडी काढतो. पण ती ओळ प्राण्याबद्दल असते हो. जमिनीबद्दल त्यात एक अक्षर नाही. हवाई सोडलं तर ४९ राज्यांत कायोटी आहे, म्हणजे कायोटी शोधणं कठीण नाही, तो ज्या जमिनीवर आहे तिथे तुम्ही कायदेशीर उभे आहात का हे शोधणं कठीण.

मी कॅन्ससला असतो. इथे ९७ टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी, टेक्सासमध्येही तेच चित्र. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत मी ज्या चुका केल्या त्यातल्या जवळजवळ सगळ्या जमिनीच्याच होत्या, नेमबाजीच्या नंतर. (नेमबाजीच्याही होत्या, पण त्या परत कधीतरी.)

वाटेकऱ्याला विचारलं आणि मालक राहिला

ही माझी स्वतःची. एका मिलोच्या (म्हणजे ज्वारीच्या) शेतावर रोज ट्रॅक्टर दिसायचा, एक दिवस थांबून विचारलं, तो म्हणाला जा की, मार हवे तेवढे. मी खूश. तिसऱ्या वेळी बसलो असताना एक पिकअप आली, त्यातून आजी उतरल्या, जमीन त्यांची होती आणि तो ट्रॅक्टरवाला नुसता कसणारा. आजी सभ्य होत्या, पोलिसांना फोन केला नाही, पण त्या शेताचं दार कायमचं बंद झालं.

आपल्याला तर हे कळायला हवं ना, आपल्याकडेही सातबारावर नाव एकाचं, जमीन बटईने दुसऱ्याकडे आणि उरलेले चार हिस्सेदार पुण्या-मुंबईत. इथे अगदी तसंच आहे, बरीच शेतजमीन भाड्याने कसली जाते आणि मालक कुठेतरी फिनिक्सला रिटायर होऊन बसलेला असतो. वर तिसरा माणूस म्हणजे हंटिंग लीजवाला, ज्याने हरणांच्या शिकारीसाठी पैसे भरून ती जमीन घेतलेली असते आणि तुम्ही नोव्हेंबरात तिथे कायोटीला बोलवायला सशाच्या किंकाळ्या वाजवत बसलात तर तो का गप्प बसेल. म्हणून तिन्ही प्रश्न विचारायचे : मालक कोण, कसतो कोण, लीजवर आहे का. मालकाचं नाव काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) पार्सल रेकॉर्डमध्ये, म्हणजे जमिनीच्या नोंदीत मिळतं, बऱ्याच काउंट्यांचा नकाशा ऑनलाइन फुकट असतो. आणि परवानगी लेखी घ्या. एका कागदावर नाव, तारखा, गाडीचा नंबर, सोबत कोण, बस. इंडियानात तर त्या कागदाला वेगळीच किंमत आहे, तिथे कायोटीचा सीझन १५ ऑक्टोबर ते १५ मार्च, पण मालकाची लेखी परवानगी असेल तर त्याच्या जमिनीवर वर्षभर मारता येतो. म्हणजे मे महिन्यात पकडलं तर तो कागद हाच तुमचा सीझन.

परवानगी तुम्हाला मिळाली म्हणजे तुमच्या तीन मित्रांना मिळाली असं नाही. हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं, पण आपल्या लोकांना सगळीकडे ग्रुपने जायची सवय.

बोर्ड नव्हता ना, मग?

'आत येऊ नका' असा बोर्डच नव्हता, हा युक्तिवाद फार ऐकलाय. काही राज्यांत तो चालतो, नॉर्थ डकोटात बोर्ड न लावलेल्या खाजगी जमिनीवर शिकारीला जाता येतं, पण तिथेही २०२१ पासून मालक ऑनलाइन बोर्ड लावू शकतो, म्हणजे कुंपणावर काही दिसत नाही आणि जमीन बंद असते. कॅन्ससमध्ये बोर्ड असो नसो, परवानगी हवीच. मोंटानात शिकारीसाठी तेच.

आणि जांभळा रंग. झाडावर किंवा खांबावर जांभळा पट्टा दिसला की तो कुणी हौसेने मारलेला नसतो. टेक्सासच्या कायद्यात त्याचं मापही दिलंय, उभा पट्टा, किमान ८ इंच लांब, १ इंच रुंद, जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर, आणि त्याचा अर्थ आत येऊ नका. कॅन्ससमध्ये त्याच रंगाचा अर्थ लेखी परवानगीशिवाय शिकार नाही. आयडाहो, मोंटानाकडे नारिंगी रंग चालतो. पहाटे पाचला हेडलॅम्पच्या उजेडात हे पट्टे दिसत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी उजेडात एक चक्कर मारून यायची, त्याला पर्याय नाही.

रेल्वेचे रूळ आणि विजेच्या लाइनखालचा मोकळा पट्टा या दोन जागा बघून सगळ्यांचा घोटाळा होतो. कायोटी तिथूनच चालतो हे खरं, लांबवर दिसतंही छान. पण रुळाची जमीन रेल्वे कंपनीची, तिथे पाय ठेवला की ट्रेसपास, म्हणजे परवानगीशिवाय घुसण्याचा गुन्हा. आणि वीज कंपनीला लाइन नेण्याचा हक्क असतो फक्त, खालची जमीन शेतकऱ्याचीच राहते, आपल्याकडे टॉवर उभा राहिला म्हणून शेत महावितरणचं होत नाही तसं.

सरकारी जमीन म्हणजे गायरान नव्हे

पश्चिमेकडे गेलात की जीव सुखावतो. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे सुमारे २४.५ कोटी एकर, फॉरेस्ट सर्व्हिसकडे सुमारे १९.३ कोटी एकर, आणि यातल्या बहुतेक जमिनीवर राज्याचे नियम पाळून शिकार चालते. पण 'सरकारी' या एका शब्दात किती प्रकार आहेत बघा. नॅशनल फॉरेस्टमध्ये शिकार चालते, नॅशनल पार्कमध्ये साधारणपणे नाही, नकाशावर दोन्ही हिरवेच. नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्युजमध्ये बदकांची परवानगी असेल आणि कायोटीची नसेल, तिथे यादीत नाव असेल तेवढेच प्राणी. राज्यांच्या ट्रस्ट लँडचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे. आदिवासी राष्ट्रांची जमीन, उदाहरणार्थ नव्हाहो, ही तर सार्वजनिक जमीनच नाही, तिथे राज्याचं लायसन्स दाखवून काही उपयोग नाही, त्यांचीच परवानगी लागते.

फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर घर, इमारत, कॅम्पसाइट यांच्यापासून १५० यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही, रस्त्यावरून पलीकडे पण नाही. आणि गाडी कुठल्या रस्त्यावर न्यायची याचा त्यांचा वेगळा मोफत नकाशा असतो. त्यावर नसलेला रस्ता समोर दिसत असला तरी तो तुमच्या गाडीसाठी नाही, त्यावर दंड होतो आणि तो पण शिकार सुरू व्हायच्या आधीच.

सरकारी जमिनीवर गाई दिसल्या म्हणून मागे फिरणारे पण पाहिलेत. तिथे रँचरकडे चराईचं परमिट असतं, मालकी नसते, तो तुम्हाला त्या जमिनीवरून घालवू शकत नाही. पण तिथे पोचायचा रस्ता त्याच्या खाजगी जमिनीतून जात असेल तर तो अडवू शकतो, आणि तिथेच खरी गंमत सुरू होते.

हद्दीच्या दगडावरून उडी

वायोमिंगचा दक्षिण भाग नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. एकोणिसाव्या शतकात रेल्वेला एक सोडून एक असे एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, तुकडे दिले गेले, मधले सरकारकडे राहिले. म्हणजे सरकारी तुकडे एकमेकांना फक्त कोपऱ्यात भेटतात, चार गटांचा एक दगड असतो ना तसे. एका सरकारी चौकोनातून तिरपं पाऊल टाकून दुसऱ्यात गेलात तर पाय खाजगी जमिनीला लागत नाही, पण खांदा तिच्या हवेतून जातो. हा गुन्हा आहे की नाही यावर इतकी वर्षं कुणाचंच एकमत नव्हतं.

मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी २०२१ मध्ये एल्क माउंटनजवळ अशा कोपऱ्यावर चक्क शिडी लावली. फौजदारी केसमध्ये २०२२ ला ज्युरीने निर्दोष सोडलं, मग मालकाच्या बाजूने लाखो डॉलरच्या नुकसानभरपाईचा दावा, तो २०२३ मध्ये फेटाळला गेला, मार्च २०२५ मध्ये टेन्थ सर्किटच्या कोर्टाने (काही राज्यांसाठीचं फेडरल अपील कोर्ट) शिकाऱ्यांच्याच बाजूने निकाल दिला, ज्यात १८८५ च्या एका जुन्या कुंपणविरोधी कायद्याचा आधार घेतला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायला नकार दिला.

आता यावरून लोक जी चूक करतायत ती अशी की 'कोपरा ओलांडणं आता सगळीकडे कायदेशीर'. नाही. तो निकाल टेन्थ सर्किटच्या सहा राज्यांना लागू आहे, वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस, ओक्लाहोमा. मोंटाना त्यात येत नाही, तिथलं वन्यजीव खातं कोपरा ओलांडणं बेकायदेशीरच मानतं. शिवाय ती केस पायी जाण्याची होती, खाजगी जमिनीला अजिबात स्पर्श न करता. आणि कोपरा नक्की कुठे आहे हे फोनच्या जीपीएसवर ठरवू नका, तो पाच-सात मीटर सहज इकडेतिकडे दाखवतो, तिथे खुणेची पितळी चकती किंवा दगड सापडला तरच.

ॲपबद्दल तेवढंच सांगतो. ऑनएक्स वगैरे जमिनीच्या हद्दी दाखवणारे ॲप उत्तम, मी पैसे भरून वापरतो, पण त्यातली रेष म्हणजे सरकारी मोजणी नाही. कुंपण पण हद्द नाही, कुंपण जिथे खांब ठोकायला सोपं गेलं तिथे असतं, बांध कोरायची कला फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. मी रेषेपासून शंभरेक यार्ड आत बसतो. आणि नकाशा घरीच ऑफलाइन उतरवून ठेवा, तिकडे रेंज नसते.

वॉक-इन जमिनीच्या तारखा

कॅन्ससची वॉक-इन योजना दहा लाख एकरांच्या वर आहे, खाजगी जमीन राज्य भाड्याने घेतं आणि आपल्यासाठी खुली करतं. नवशिक्याला देवासारखी. पण प्रत्येक तुकड्याला तारखा असतात आणि बऱ्याच तुकड्यांच्या जानेवारीअखेर संपतात. कायोटीची मजा नेमकी फेब्रुवारीत, जोड्या जमण्याच्या काळात असते, सीझन उघडाच असतो, आणि माणूस तारीख न बघता आत शिरतो. बोर्ड तोच, जागा तीच, पण आता ते ट्रेसपास. रात्रीचं तसंच, थर्मल स्कोपला (अंधारात शरीराच्या उष्णतेवरून प्राणी दाखवणारी दुर्बीण) इथे वेगळं परमिट लागतं, ठराविक काळच चालतं, आणि वन्यजीव खात्याच्या सार्वजनिक जमिनीवर आणि वॉक-इनवर चालतच नाही. दोन-तीन हजार डॉलरचं थर्मल घेऊन मग हे वाचणारे दोघे मला माहीत आहेत.

एच-वन-बी वाल्यांसाठी

हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, आणि त्यातला नेहमीचा अपवाद म्हणजे अमेरिकेत मिळालेलं, मुदतीतलं हंटिंग लायसन्स. म्हणजे 'वायोमिंगमध्ये कायोटीला लायसन्स लागत नाही' हे अमेरिकन मित्राला खरं, तुम्हाला नाही. लायसन्स घ्याच, आणि त्याची मुदत कॅलेंडरवर लावा, टेक्सासचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, १ सप्टेंबरला नवं नसेल तर कपाटातली रायफल हाच प्रॉब्लेम. ट्रेसपासमध्ये अटक झाली तर व्हिसाच्या फॉर्मवर तो प्रश्न असतो, दंड भरून सुटलात तरी. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागत नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

सरकारी जमिनीवर कायोटी येतच नाही?

येतो, पण तो शिकलेला असतो. पार्किंगपासून दोनशे यार्डांवर बसून कॉलरवर (प्राण्यांचे आवाज वाजवणारं यंत्र) सशाची किंकाळी लावणारे तुम्ही त्या महिन्यातले सहावे असता. अर्धा-पाऊण मैल चाला, गाडी चढाच्या आड लावा, दार आपटू नका (हे सोपं वाटतं, करून बघा), वारा तोंडावर घ्या आणि त्याला वळसा घालून तुमच्या वाऱ्याखाली (तुमचा वास जातो त्या बाजूला) यायला जी मोकळी जागा लागेल ती तुमच्या नजरेत ठेवा. आवाज बदला, उंदराची बारीक चूंचूं किंवा जानेवारीनंतर नुसती एक आरोळी, आणि गप्प. २० मिनिटांत उठू नका.

मारलेला कायोटी शेवटचे पन्नास यार्ड धावून कुंपणापलीकडे पडतो, हे होणारच. आणायला उडी मारायच्या आधी तुमच्या राज्याचा नियम माहीत हवा, आणि नसेल तर बंदूक बाजूला, शेजारच्या मालकाला फोन. गोळी हद्दीपलीकडे जाण्याबद्दल टेक्सासमध्ये वेगळा कायदाच आहे, दोन्हीकडचा मालक एक नसेल आणि लेखी करार नसेल तर गुन्हा.

परवानगी मागायची कशी

कापणी चालू असताना नाही, जेवायच्या वेळी नाही, आणि कॅमो (शिकारीचे झाडीत मिसळणारे कपडे) घालून तर नाहीच. हरणांचा सीझन संपू द्या. मग फेब्रुवारीत, गाई व्यायला लागतात तेव्हा जा, तेव्हा कायोटी वारेच्या वासाने कळपाभोवती घुटमळतो आणि रँचर वैतागलेला असतो. 'मला हंटिंग करायचंय' असं नाही, 'तुमच्याकडे कायोटीचा त्रास आहे का' असं विचारा, आणि हरणांना हात लावणार नाही हे आधीच सांगा. गाई कुठल्या पॅडॉकमध्ये आहेत, घरची कुत्री कशी दिसतात, हे त्याला विचारलंत की तो तुम्हाला गंभीरपणे घेतो. प्रत्येक वेळी जायच्या आधी मेसेज टाका. माती ओली असेल तर गाडी आत नेऊ नका, चाकोऱ्या पडलेल्या कुणीच विसरत नाही. दिवाळीत मी दोन घरी चकल्यांचा डबा देतो, एका आजोबांना त्या इतक्या आवडल्या की आता शेजारच्या सेक्शनची (एक चौरस मैलाच्या तुकड्याची) परवानगी त्यांनीच काढून दिली. आणि गेट जसं सापडलं तसं सोडा, उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद, पलीकडे पाणी पिणाऱ्या गाई तुम्हाला दिसत नसतात.