मांजरीला अंघोळ कधी आणि कशी घालावी
निरोगी मांजर आपल्या खरखरीत जिभेने अंग स्वच्छ ठेवते, त्यामुळे तिला ठरावीक दिवसांनी अंघोळ घालण्याची गरज नसते. नियमित केस विंचरणे पुरेसे असते. मात्र अंगाला तेल, रंग किंवा रसायन लागले असेल, तर ते चाटून पोटात जाण्याआधी धुणे आवश्यक आहे. म्हातारपणामुळे वा लठ्ठपणामुळे स्वतःला चाटू न शकणाऱ्या आणि बिनकेसांच्या स्फिंक्स जातीच्या मांजरींना अधूनमधून अंघोळ लागते. पाणी कोमट व उथळ असावे, तळाशी न घसरणारे कापड अंथरावे, चेहरा फक्त ओल्या फडक्याने पुसावा आणि माणसांचा शाम्पू कधीही वापरू नये. मांजर फारच घाबरली, तर बळजबरी न करता थांबावे.