‘कार्डाला दोन टक्के जादा’ म्हटलं तर

परवा मिक्सर घ्यायला गेलो. गल्ल्यावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवलेला: ‘कार्डाला २% जादा’. ६,००० च्या मिक्सरवर म्हणजे १२० रुपये.

अशा वेळी आधी एवढंच विचारा, ‘डेबिट की क्रेडिट?’ डेबिट कार्डावरचा आकार, म्हणजे कार्डाने पैसे घेतल्याबद्दल बँक दुकानदाराकडून घेते ती रक्कम, गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. शिवाय वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराकडून बँक डेबिटवर फार तर ०.४० टक्के घेऊ शकते, मोठ्याकडून ०.९०. मग दोन टक्के आले कुठून? रुपे डेबिट आणि बँक खात्यातून होणारं यूपीआय यांवर तर जानेवारी २०२० पासून हा आकार शून्य आहे. त्यामुळे वाद घालण्यापेक्षा सरळ क्यूआर मागा.

क्रेडिट कार्डाचं वेगळं. तिथे दुकानदाराचे खरंच दोनेक टक्के जातात आणि त्याचा नफाही बेताचाच असतो, हे मान्य. तिथे मी रोख देतो, पण उलटं विचारून: ‘रोख देतो, किती कमी कराल?’ बहुतेकदा शंभरएक रुपये सुटतात.

मात्र रोख दिली तरी छापील बिल घ्याच. ‘बिल नको तर अजून कमी करतो’ याला भुलू नका. मिक्सर जळाला की वॉरंटीला तोच कागद लागतो. डेबिटवर जबरदस्तीने पैसे घेतलेच, तर मशीनच्या पावतीवर ज्या बँकेचं नाव असेल तिच्याकडे तक्रार करा. जादा रक्कम बिलावर वेगळी लिहून घ्यायला विसरू नका.