लाल ठिपका दिसला की लगेच शिडी आणू नका

"वायफाय गेलंय ओ," एवढंच सांगून लोक फोन ठेवतात. या एका वाक्यात निदान चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात, म्हणून लॅपटॉप उघडायच्या आधी मी विचारून घेतो. फोनमध्ये वायफायचं नाव तरी दिसतंय का? जोडतच नाही, की जोडतं आणि पुढं काही उघडत नाही? सगळ्यांचंच तसं आहे, की एकट्या तुमचं? एकट्याचंच असेल तर डॅशबोर्डला (सगळ्या नेटवर्कची हालहवाल दाखवणारं पान) त्रास देऊ नका, त्या फोनमधलं नेटवर्क 'विसरा' करून परत जोडायला सांगा. निम्मे फोन इथंच मिटतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या शाळा, मंगल कार्यालयं, लॉज आणि उद्यमबागेतल्या काही फाउंड्र्या, अशी नेटवर्कं मी सांभाळतो. आता बहुतेक ठिकाणी डॅशबोर्ड आहे. काहींकडं कंपनीचाच क्लाउडवाला, काहींकडं मी जुन्या कॉम्प्युटरवर बसवलेला लिब्रेएनएमएस (नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर). कुठलाही असो, त्यात आधी वेळ वाचायची. कोण किती वाजता पडलं, त्याच्या आधी कोण पडलं, परत कधी आलं, हे समजलं की कारण बरंचसं हाताला लागतं.

ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, डॅशबोर्डवर लाल दिसतोय? मग त्याचं पान बाजूला ठेवा आणि तो ज्या स्विचला (सगळ्या केबली एकत्र येतात ती पेटी) जोडलाय त्यावरचं त्याचं पोर्ट (केबल खुपसायची जागा) उघडा. आख्खा स्विचच लाल असेल तर दुखणं वायफायचं नव्हे. वॉचमनमामांना फोन लावा. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडून हमखास उत्तर येतं, "करंट होगैती री," म्हणजे करंट गेलाय हो. झालं, करंट येईपर्यंत गप्प बसा. नंतर अपटाइम, म्हणजे सुरू होऊन किती वेळ झाला ते, बघा. स्विच आणि ॲक्सेस पॉइंट दोघांचाही अपटाइम सारखाच असेल तर करंट जाऊन आला. स्विच महिनाभर चालू आणि ॲक्सेस पॉइंट मात्र वीस मिनिटांपूर्वी उठलेला, तर गडबड त्या एका केबलच्या वाटेवर आहे.

पोर्टवर दोन आकडे महत्त्वाचे. पहिला पीओईचे, म्हणजे केबलमधूनच डब्याला जाणाऱ्या विजेचे, वॅट. शून्य असेल तर केबल तुटली किंवा डबा मेला. वॅट व्यवस्थित जातायत आणि तरी डबा लाल, तर तो जिवंत आहे, फक्त कंट्रोलरपर्यंत (सगळे डबे चालवणारं, डॅशबोर्डमागचं सॉफ्टवेअर) पोचत नाही. अशा वेळी खाली लोक त्याच वायफायवर व्हिडिओ बघत बसलेले असू शकतात! तिथं डब्याला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळालाय का, पोर्टचा व्हीलॅन (एकाच स्विचवरचं वेगळं नेटवर्क) कुणी बदलला का, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) चालतंय का, हे तपासा. शिडीचं काम नाही. वॅट कमी पडणं हे तिसरं प्रकरण. जुन्या ८०२.३एएफ मानकाचा स्विच पोर्टला १५.४ वॅट देतो, त्यातले डब्यापर्यंत १२.९५ वॅटच खात्रीचे. बरेच नवे डबे त्याच्या पुढचा, ३० वॅटवाला 'एटी' मागतात. मग सकाळी ठीक चालतं आणि संध्याकाळी गर्दी झाली की डबा आपोआप रीस्टार्ट होतो, नाहीतर एक रेडिओ गपचूप बंद ठेवून चालतो. सगळ्या पोर्टांची बेरीज स्विचच्या एकूण बजेटात बसते का, तेही बघून ठेवा.

दुसरा आकडा लिंकच्या वेगाचा. १००० मेगाबिटच्या (म्हणजे गिगाबिटच्या) जागी १०० दिसला तर मी खूश होतो, कारण शोध तिथंच संपतो. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. म्हणजे कुठंतरी एखादी तार गेली. बऱ्याच स्विचमध्ये डॅशबोर्डवरूनच केबल टेस्ट करता येते. कुठली जोडी साधारण किती मीटरवर तुटली ते तो सांगतो. तेवढं अंतर भिंतीकडेनं मोजत जा. आमच्याकडं ते बहुतेक वेळा कौलांखालच्या माळ्यावर, उंदरांच्या वाटेत संपतं, नाहीतर बाहेरून आत येणाऱ्या भोकापाशी. पावसाचं पाणी केबलवरून ओघळत आत उतरतं, म्हणून भोकाच्या आधी केबलला खाली झोळ द्यायचा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल मी आता कुणाला घेऊच देत नाही.

आता खरं डोकेदुखीचं काम: सगळं हिरवं आणि तरी लोकांची ओरड. मंगल कार्यालयाचंच घ्या. अक्षता पडेपर्यंत छान, पंगती बसल्या की कुणाचं जोडत नाही. ॲक्सेस पॉइंट हिरवे, लाइन चालू. फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' यावर अडकलेला. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर खात्रीच, नेटवर्ककडून पत्ता मिळालाच नाही. डीएचसीपीचं, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेचं, पान उघडा. साध्या २४ च्या सबनेटमध्ये (पत्त्यांचा गट) २५४ पत्ते, लीज (एक पत्ता एका फोनकडं राहायची मुदत) २४ तासांची. सकाळच्या साखरपुड्याला येऊन गेलेल्यांचे फोन अजून पत्ते अडवून बसलेत, दुपारच्या वऱ्हाडाला शिल्लक काही नाही. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क, लीज एक तास आणि २२ चा सबनेट, म्हणजे १०२२ पत्ते. नवीन ॲक्सेस पॉइंट विकत घ्यायची गरज नसते. विकणारे मात्र तेच सुचवतात.

पत्ता मिळतो पण रखडतं, तर क्लायंटच्या (जोडलेल्या उपकरणांच्या) यादीत सिग्नल बघा. उणे ६७ डीबीएमपर्यंत (सिग्नलचं माप, शून्याकडं तेवढा जोरदार) बोलणं, व्हिडिओ कॉल सगळं निभतं. उणे ७५ च्या खाली गेलं की रीट्राय, म्हणजे तेच परत परत पाठवणं, वाढतात. जांभ्या दगडाच्या जाड भिंतीत ५ गिगाहर्ट्झ पलीकडच्या खोलीत पोचत नाही, मग मालक म्हणतात, पॉवर वाढवा. ॲक्सेस पॉइंट माइक लावून बोलला म्हणून फोनचा बारीक आवाज त्याला ऐकू येत नाही! उलट फोन लांबच्या डब्याला चिकटून राहतो. पॉवर कमी करून डबा भिंतीच्या अलीकडं, लोक बसतात त्या बाजूला घ्या. सिग्नल उत्तम आणि तरी संथ, तर चॅनल युटिलायझेशन (चॅनल किती टक्के वेळ गुंतलेला असतो) बघा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ हेच चॅनल, रुंदी २० मेगाहर्ट्झ. कुणी जोडलेलं नसताना ७० टक्के दिसलं तर शेजारच्या शेडच्या वायफायची वर्दळ तुमच्या चॅनलवर आहे. जमेल तेवढी उपकरणं ५ वर न्या.

डॅशबोर्डच्या आपोआप कामांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. चॅनलची आपोआप निवड रात्री तीनला चालू द्या, भर शाळेत नको. रोज रात्रीचा आपोआप रीस्टार्ट मला मुळीच पटत नाही, दुखणं झाकतं आणि लॉगही (घडलेल्या गोष्टींची नोंद) कोरा करतं. अलर्टला दहा मिनिटांची सवड द्या, आणि स्विचखालचे डबे त्याच्यावर अवलंबून आहेत असं नोंदवा, म्हणजे एकदा करंट गेला की चौदा डब्यांचे चौदा नव्हे, एकच मेसेज येईल. लिब्रेएनएमएस मुळात पाच मिनिटांनी एकदा उपकरणांना हालहवाल विचारतो. मधली झटक्यात होणारी पडझड हवी असेल तर सिसलॉग (उपकरणं स्वतःहून लगेच पाठवतात त्या नोंदी) चालू ठेवा. उपकरणांची घड्याळं एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवणारी सेवा) आहेत ना तेही बघा, नाहीतर करंट आल्यावर लॉगमध्ये १९७० साल उगवतं.

नावं 'एपी-०७' अशी ठेवू नका. 'स्वयंपाकघर मागे', 'वधूपक्ष खोली' असं ठेवा. मामांना कन्नडमधून सांगा की मराठीतून, ते बरोबर त्या डब्याखाली जाऊन उभे राहतात आणि दिवा कुठल्या रंगाचा ते सांगतात.

एवढं करूनही जमलं नाही तर शिडी आणा, शेजारचा चांगला डबा त्याच केबलवर लावा. तो चालला तर जुना बदलायचा. फक्त फॅक्टरी रीसेट करायच्या आधी लॉग आणि वॅटच्या आलेखाचा स्क्रीनशॉट काढून घ्या, वॉरंटीवाले तोच मागतात आणि रीसेटनंतर डब्यातला लॉग परत मिळत नाही.